मिठाची वाटी

आमच्या ह्यांना बेकरीत सगळे डॉक्टर म्हणायचे. शिक्षण म्हणाल तर सातवी, तीही दोनदा. पण भट्टीतून पाव बाहेर आला की हे तो उचलणार, उलटा करणार, बुडावर दोन बोटांनी टकटक करणार आणि कान लावून ऐकणार. आवाज पोकळ आला की पास. बद्द आला की ‘आत घाला परत, अजून चार मिनिटं.’ एकतीस वर्षं हेच केलं त्यांनी. लग्न ठरलं तेव्हा मला कुणीतरी सांगितलं होतं की मुलगा बेकरीत डॉक्टर आहे. मला आठवडाभर कळेना, बेकरीत डॉक्टर कशाला लागतो!

माणूस कमी बोलणारा. घरात बोलायचं खातं माझ्याकडे. हे फक्त जेवताना बोलायचे, आणि जेवताना बोलायचे म्हणजे खोड काढायचे. ‘भाजीत मीठ दोन दाणे जास्त झालंय.’ दोन दाणे! मी म्हणायची, मोजलेत का? तर शांतपणे म्हणणार, ‘मोजायचं कशाला, जीभ आहे ना.’ दूध नासायच्या आदल्या दिवशी ह्यांना वासावरून कळायचं. जिन्यात उभे राहून सांगायचे, शेजारी काय शिजतंय आणि करपायला किती वेळ आहे. एकदा तर खरोखर शेजारणीचं दार वाजवून सांगून आले, ‘ताई, गॅस बारीक करा.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईंचं कालवण मात्र वाचलं, हेही खरं.

दीड वर्षापूर्वी बेकरी बंद झाली. मालक वारले, मुलांना भट्टीची हौस नव्हती, जागा विकून मोकळे झाले. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला कोण कामावर घेतं? दोन-तीन कारखान्यांत जाऊन आले. तिथे पाव यंत्रातून निघतो, ऐकायला कुणी लागत नाही. मग बसले घरी. नुसते बसून राहायचे आणि बोटांनी जेवणाचं टेबल वाजवायचे. टकटक, टकटक. मी वैतागून म्हणायची, ‘अहो, भाजलंय ते टेबल, उतरवा आता.’ ते ओशाळून हात मांडीवर घ्यायचे. मग मलाच वाईट वाटायचं.

गेल्या थंडीत ह्यांना मोठा ताप आला. बारा दिवस अंथरुणाला खिळले. उठले ते एकदम गुणी होऊन उठले. जे वाढेन ते खायचे. कसं झालंय विचारलं की ‘छान.’ एकदा मी भाजीत मीठ घालायलाच विसरले. पहिला घास घेतला आणि जीभ चावली, समोर बघते तर ह्यांची ताटली रिकामी. ‘छान होती,’ म्हणाले आणि हात धुवायला उठले. तीस वर्षं खोड काढणारा नवरा एकाएकी गुणी झाला तर बायकोने घाबरायला हवं होतं. मी मूर्ख, सुखावले. बहिणीला फोन करून सांगितलं, अगं, तापाबरोबर सगळा खाष्टपणा गेला बघ ह्यांचा.

आणि मग शेफ आला.

एके दिवशी दारात एक उंच तरुण. मनगटापर्यंत भाजल्याचे जुने डाग, म्हणजे आपल्यातलाच. शिकाऊ होता तेव्हा हॉटेलासाठी रोज ह्यांच्याकडून पाव न्यायचा. आता शहराच्या मधोमध, काचेच्या मोठ्या इमारतीच्या तळाला जो बार आहे, तिथला मुख्य आचारी झाला होता. तिथे बर्गर फार चालतात म्हणे. साधे नव्हेत, एकेक माझ्या ठेवणीतल्या चपलांच्या किमतीचा.

‘काका, आमच्याकडे सगळं आहे, फक्त पाव नाही,’ तो म्हणाला. ‘बाहेरून मागवतो तो म्हणजे कापूस. तळघरात नवी भट्टी बसवलीय. तुम्ही या.’

अट एकच. सात दिवस ह्यांनी पाव करून दाखवायचा. सातव्या दिवशी दुपारी, बार उघडायच्या आधी, मालकीणबाई त्या पावात केलेले चार बर्गर स्वतः चाखणार. पसंत पडले तर नोकरी पक्की.

हे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पण शेफ जिना उतरतो न उतरतो तोच कपाटं उघडून जुना एप्रन शोधायला लागले. तो मी केव्हाच फडक्यांत टाकला होता. काढला, धुतला, इस्त्री करून दिला. त्यांनी गळ्यात अडकवून आरशात पाहिलं आणि मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! लगेच मी ओरडले मात्र, ‘मागची गाठ तरी नीट बांधा, लहान आहात का?’ आमच्याकडे प्रेम असंच असतं.

सहा दिवस झकास गेले. रोज संध्याकाळी घरी आले की मी विचारायची, काय झालं? ‘फुगले.’ शेफ काय म्हणाला? ‘खाल्ले.’ एवढंच. पण जिना चढताना पायऱ्या मोजल्यासारखे चढायचे ते आता दोन-दोन चढायला लागले होते. शेफला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, ‘चिमूटभर पीठ जिभेवर ठेवल्याशिवाय माझा पाव भट्टीत जात नाही.’ त्याने ते हाताखालच्या पोरांना सांगितलं, ह्यांना घरी सोडायला आलेल्या पोरांनी ते मला सांगितलं. मी मिरवलं.

सातव्या दिवशी शेफने निरोप पाठवला, काकूंनाही आणा, त्याही बसतील चाखायला. मी आधी आढेवेढे घेतले. बारमध्ये मी काय करू? शोभतं का? बहीण म्हणाली, जा गं, दारू प्यायला थोडंच बोलावलंय! मग ठेवणीतले कपडे काढले. ह्यांना सकाळी सातला कामाला लागायचं होतं, मी एकटी दुपारी रस्ते चुकत बसणार, म्हणून त्यांच्याबरोबरच निघाले.

तिथेच चुकलं. मी घरी बसायला हवं होतं.

तळघर स्वच्छ, पांढऱ्या फरशीचं. एका भिंतीला ती भट्टी, चकचकीत, आत दिवा. दुसऱ्या बाजूला पीठ मळायचं यंत्र, मोठ्या पातेल्याएवढं. मला एका स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, ‘कशाला हात लावू नकोस.’ आता मला हात बांधून बसवणं म्हणजे शिक्षा. पण बसले.

त्यांची एक पद्धत आहे. मीठ ते सुरुवातीला घालत नाहीत. मैदा, दूध, लोणी, यीस्ट मळून झालं की गोळ्याला वीस मिनिटं विसावा, आणि मग मीठ. ‘मीठ लवकर पडलं की पीठ अंग आखडतं,’ असं त्यांचं शास्त्र. तर मीठ आधीच तोलून एका स्टीलच्या वाटीत काढून ठेवायचं, यंत्राच्या डाव्या हाताला. वाटी भरलेली आहे म्हणजे मीठ बाकी आहे. वाटी रिकामी म्हणजे मीठ पडलं. पूर्वी बेकरीत ही वाटी नव्हती. मला वाटलं, नवी जागा, नवी टापटीप.

गोळा विसाव्याला ठेवून हे वर शेफकडे गेले, किती पाव लागणार ते विचारायला. मी एकटी. पाच मिनिटं बसले. मग उठले. कट्ट्यावर मैदा सांडला होता, तो पुसला. चमचे सारखे लावले. लोण्याचा कागद टाकून दिला. आणि ती वाटी दिसली, मीठ भरलेली, उघडी. मला वाटलं, घेतलं असेल त्यातून आणि उरलं असेल. माझ्या स्वयंपाकघरात मीठ असं उघडं राहत नाही, ओल धरतं. बरणीत परत ओतलं, झाकण लावलं. वाटी घासली, पुसली आणि होती तिथे नेमकी ठेवली. होती तिथेच ठेवली, हे बघा. वाटी दुसरीकडे ठेवली असती तरी वाचलो असतो.

हे खाली आले. कट्टा बघून म्हणाले, ‘लावलास ना हात?’ पण रागावले नाहीत, खुशीत होते. वाटीकडे पाहिलं, जरा थांबले, यंत्र सुरू केलं. मळून झाल्यावर गोळ्यातून चिमूट काढली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मी बघत होते. एकतीस वर्षांत मी त्यांना हे करताना कधी पाहिलंच नव्हतं, बायका भट्टीवर जात नसत. त्यांनी डोळे उघडले आणि ‘हं’ म्हणाले. मला वाटलं, केवढा मोठा माणूस आहे हा! आपण उगाच आयुष्यभर ह्याच्याशी भांडलो.

पीठ त्या दिवशी भराभर फुगलं. ‘खाली उकडतंय आज,’ ते म्हणाले. पाव भाजले, वरून लोणी फिरवलं. एकेक उलटा करून ठोकला आणि कान लावला. चोवीसच्या चोवीस पास.

दुपारी आम्हाला वर नेलं. बार कसा होता सांगू? भिंतींना प्लॅस्टर नाही, नुसत्या विटा. मला वाटलं काम अर्धवट राहिलंय, तर म्हणे अशीच फॅशन आहे. छतापासून तारा लोंबताहेत आणि त्यांना उघडे बल्ब. मागच्या भिंतीवर बाटल्याच बाटल्या, खालून उजेड सोडलेला, औषधाच्या दुकानापेक्षा जास्त. खुर्च्या इतक्या उंच की मला शेफने हात देऊन चढवलं आणि वर बसल्यावर माझे पाय लोंबायला लागले. हेही चढले. एप्रन काढून शर्टाच्या बाह्या खाली केल्या होत्या, केस ओले करून बसवले होते. शाळेत बक्षीस घ्यायला निघाल्यासारखे दिसत होते.

मालकीणबाई आल्या. चाळिशीच्या असतील. मला वाटलं होतं नखरेल असतील, तशा नव्हत्या. साधे कपडे, फोन पालथा घालून ठेवला, दोघांना नमस्कार केला. ‘काका, तुमच्याबद्दल सहा दिवस ऐकतेय,’ म्हणाल्या. ‘मी काही पावातली जाणकार नाही. पण गिऱ्हाईक म्हणून खाते.’ चांगल्या बाई. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

बर्गर आले. ताटल्या नाहीत, लाकडी फळ्या, आणि प्रत्येकाच्या डोक्यात सुरी खुपसलेली. एकात खिम्याची जाड पॅटी आणि साखरेत परतलेला कांदा. एकात कोंबडीचा तळलेला तुकडा, पावाच्या बाहेर आलेला. एकात नुसतीच अळिंबी, काळीभोर, लोण्यात निथळत. आणि चौथ्यात कसलं तरी निळ्या शिरांचं चीज. ते टेबलावर ठेवलं मात्र, मी नाकाला रुमाल लावला. पावसात भिजून आठवडाभर विसरलेले मोजे, दुसरं काही नाही! शेफची दोन पोरं मागे उभी होती, तीही हसत मागे सरकली. मालकीणबाई म्हणाल्या, ‘सवय लागते.’

हे त्या चीजवर वाकले. नाक अगदी जवळ नेलं. पाव कसा कापला गेलाय ते बघत होते. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

मी बघत राहिले. ह्यांना जिन्यातून शेजारचं कालवण कळायचं.

पण तेवढ्यात शेफने प्रत्येक बर्गरचे चार भाग केले, सगळ्यांपुढे ठेवले आणि म्हणाला, ‘घ्या.’ मी खिम्याचा तुकडा उचलला. खिमा चांगला होता, खोटं कशाला बोलू. मिरी, धूर, कांद्याची गोडी. पण पाव दाताखाली आला आणि सगळं एकदम थांबल्यासारखं झालं. पाव मऊ होता, लुसलुशीत होता, आणि तोंडात नुसता होता. काहीच नाही. मी पावाची एक कड मोडून नुसतीच खाल्ली. मीठ नाही. कणभरही नाही.

माझ्या डोळ्यांपुढे ती वाटी आली. माझ्या हाताने पुसलेली, चकचकीत.

आणि त्या वाटीच्या मागोमाग सगळंच आलं. चिमूट जिभेवर ठेवली होती माझ्यासमोर, डोळे मिटले होते, ‘हं’ म्हणाले होते. बिनमिठाची भाजी, रिकामी ताटली, ‘छान होती.’ मागच्या महिन्यात नासलेल्या दुधाचा चहा पूर्ण प्यायले आणि मी म्हटलं होतं, किती समजूतदार झाले. ती वाटी टापटिपीसाठी नव्हतीच. ह्यांची जीभ गेली होती, नाक गेलं होतं, आणि त्यांच्या जागी हा माणूस एका वाटीवर नोकरी करत होता. ती वाटी मी धुतली.

पायाखाली जमीन नव्हतीच, खुर्ची उंच होती. हातातला तुकडा खाली ठेवायचं भान राहिलं नाही. शेफ चावायचा थांबला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याला कळलं होतं. मालकीणबाई दुसरा घास घेत होत्या, कपाळाला आठी. मी मनात म्हणत होते, बोलू नका, अहो, तुम्ही काही बोलू नका. आयुष्यभर गप्प राहिलात, आजही राहा.

आणि ह्यांना नेमकं त्याच दिवशी बोलायचं होतं. आपल्या वाट्याचे तीन तुकडे संपवून, रुमालाने ओठ टिपून, ते मालकीणबाईंना म्हणाले, ‘अळिंबीचा सगळ्यात चांगला. आणि एक सांगू का, पावाचं सगळं मिठावर असतं. आज मीठ नेमकं पडलंय.’

मागच्या पोरांचं हसू थांबलं.

मालकीणबाईंनी पावाचा तुकडा मोडला, नुसता चावला. ‘काका,’ त्या म्हणाल्या, आवाज चढवला नाही हो, ‘यात मीठ नाहीये.’

हे हसले. थट्टा वाटली त्यांना. मग शेफकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. त्यांनी पाव उचलला, मोठा घास घेतला आणि चावत राहिले. इतका वेळ चावत राहिले! काहीतरी सापडेल म्हणून. गिळून म्हणाले, ‘विसरलो असेन. वय झालं. सॉसमुळे कळलं नाही खाताना.’

‘चूक माझी—’ मी सुरुवात केली. त्यांनी टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं. बस, तिथेच माझं तोंड बंद झालं. आणि बोलून तरी काय होणार होतं? वाटी माझी, पण ते वाक्य त्यांचं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

शेफ म्हणाला, ‘बाई, सहा दिवस पाव उत्तम होता. एक दिवस होतं असं.’

‘होतं,’ त्या म्हणाल्या. ‘पण आज ते मला कळलं, तुला कळलं, काकूंनाही कळलं असणार. काकांनाच कळलं नाही. उद्या मी इथे नसेन तेव्हा कोणाला कळेल?’

घरात मला शेवटचा शब्द नेहमी सापडतो. तिथे एकही सापडेना. मग जे सुचलं ते बोलून बसले. ‘मी येत जाईन रोज,’ मी म्हटलं. ‘ह्यांनी पाव करायचा, मी चाखीन. पैसे नकोत मला. ह्यांना चव कळत नाही, मला कळते ना!’

बोलले आणि मनगटावरचा हात सुटला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठ महिने घरात बायकोपासून लपवलेली गोष्ट मी चार माणसांत टेबलावर ठेवली होती. ते रागावले असते तर मी सोसलं असतं. त्यांनी फक्त मान खाली घातली आणि बाहीचं बटण लावलं, ते आधीच लावलेलं होतं.

‘काकू, असं नसतं,’ मालकीणबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. उपयोग काय त्या पाण्याचा.

शेफ आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. उरलेले पाव खोक्यात भरून दिले, ते तिथे आता कुणाच्या कामाचे नव्हते. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘काका, एकदा दवाखान्यात दाखवा.’

‘दाखवलंय,’ हे म्हणाले. ‘दोनदा. येईल म्हणाले, किंवा नाही येणार.’

म्हणजे एकटे जाऊन आले होते. मला सांगायचे, पेन्शनच्या कार्यालयात गेलो होतो, रांग होती.

बसस्टॉप समोरच होता. बाकावर बसलो, खोकं मधे. समोर बारचा तो काचेचा दरवाजा. एक बस आली, गेली. मी म्हटलं, ‘मला का नाही सांगितलंत?’ राग होताच माझ्या आवाजात, मला वेगळा आवाजच येत नाही.

‘तू कुणाकुणाला सांगितलं असतंस?’ ते म्हणाले. खरं होतं ते. बहिणीला तर त्याच दिवशी.

मग मी सांगितलं. वाटी मी धुतली म्हणून. मीठ बरणीत ओतलं, वाटी पुसली, होती तिथे ठेवली. वर टेबलाशी सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतेय, पण खरं म्हणजे घाबरले होते. आता ते काय बोलतील म्हणून मी मान वर केली नाही.

‘वाटीत मीठ होतं?’ त्यांनी विचारलं.

‘भरलेलं होतं.’

‘मी घातलंच नव्हतं? मी वर गेलो तेव्हा ते वाटीतच होतं?’

‘हो, अहो. तेच तर सांगतेय.’

‘म्हणजे मी विसरलो नव्हतो!’ ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा असा उजळला! ‘मला वाटलं, जीभ गेली, आता डोकंही गेलं. विसरलो नव्हतो मी. वाटी रिकामी दिसली म्हणून पुढे गेलो. बरोबरच केलं होतं मी.’ ते ताडकन उठले. ‘थांब, त्यांना सांगून येतो. शेफला तरी सांगतो, म्हातारा विसरला नव्हता म्हणून.’

रस्ता ओलांडून गेले. मी खोकं मांडीवर घेऊन बघत होते. काचेच्या दरवाजापर्यंत पोचले, हात दाराच्या मुठीवर ठेवला. मग तिथेच थांबले. आत शेफची पोरं खुर्च्या लावत होती, ती दिसत होती. ते तसेच उभे राहिले. आत गेल्यावर त्यांना काय विचारतील ते मला इथून ऐकू येत होतं, तेच त्यांनाही तिथे ऐकू आलं असणार: मग खाताना कसं कळलं नाही, काका? दोन बोटं काचेवर नुसती टेकली, वाजवली नाहीत. मग वळले आणि सावकाश रस्ता ओलांडून परत आले.

बसले. मग समोर बघत म्हणाले, ‘कसे होते बर्गर?’

‘आता तेच उरलंय का बोलायला?’

‘सांग ना. गिऱ्हाईकं बोटं चाटतात म्हणे. खिम्याचा कसा होता?’

मी सांगायला लागले. खिमा धुरकट होता, कांदा गोड, शेवटी मिरी घशाला लागायची. कोंबडी कुरकुरीत, आत रसदार, लिंबू पिळलेलं. अळिंबी लोण्यात, जमिनीचा वास असतो तसा. चीज म्हणजे मोजे, ते मी दोनदा सांगितलं, ते जरासे हसले. माझ्याजवळचे शब्द संपत चालले होते. चव कशी सांगायची माणसाला? गोड म्हणजे गोड, त्याच्यापुढे काय सांगणार?

‘आणि पाव?’ ते म्हणाले.

‘मऊ होता. हलका. दाबला की वर यायचा.’

‘ते बोटांना कळलं मला. लागत कसा होता?’

खोटं बोलावं असं फार वाटलं. तीस वर्षांत एवढं कधी वाटलं नव्हतं.

‘काहीच लागत नव्हता,’ मी म्हटलं. ‘तोंडात काहीतरी आहे एवढंच कळत होतं. नुसतंच चावत राहायचं.’

त्यांनी मान हलवली. भट्टीचं दार लावताना हलवत असतील तशी, काम बरोबर झाल्यासारखी.

‘हां,’ ते म्हणाले. ‘तसंच. मला सगळंच तसं लागतं.’